जवळ दिसला म्हणून गुन्हेगार?

समजा, आमच्या बोरगाव मेघेत मध्यरात्री धाडकन दार आपटल्याचा आवाज झाला आणि तेवढ्यात गल्लीतून एक पोरगा धावताना दिसला. लोक आधी त्यालाच धरतील. रातपाळीला उशीर झाला म्हणून तो पळत असेल, हे कोण विचारतो? 2017 साली आकाशातही असाच प्रसंग आला. तिथे मात्र नीट चौकशी झाली, आणि ती करणाऱ्यांत आपल्या पुण्याची माणसे होती.

4 जानेवारी 2017 रोजी, आपल्याकडे दुपारचे पावणेचार वाजत असताना, अमेरिकेतील लायगोच्या दोन यंत्रांनी गुरुत्वीय लहर टिपली. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. त्या हादऱ्याची थरथर सुमारे 3 अब्ज वर्षे प्रवास करून पृथ्वीवर पोचली. पण यंत्रे दोनच. त्यामुळे लहर नेमकी कुठून आली ते कळेना. झडती घ्यायचा आकाशाचा पट्टा हजारो पूर्णचंद्र मावतील एवढा मोठा!

जवळपास एका दिवसाने हवाई बेटांवरील ॲटलास दुर्बिणीला त्याच पट्ट्यात एक नवा, झपाट्याने मंदावणारा ठिपका दिसला. कृष्णविवरांच्या मिलनातून उजेड निघत नाही असेच मानले जात होते. हा ठिपका त्याच घटनेचा निघाला असता तर केवढी बातमी झाली असती! अशा वेळी घाई करण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही होत असणारच.

आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह 2015 पासून आकाशात आहे. त्याच्या एका क्ष-किरण उपकरणाची माहिती पुण्याच्या आयुका संस्थेत तपासली जाते. लहर आली त्या क्षणी झडतीच्या पट्ट्याचा निम्मा भाग या उपकरणाच्या नजरेत होता. तिथे काहीच आढळले नाही. मात्र वीस-एकवीस तासांनी गॅमा किरणांचा एक स्फोट नोंदला गेला. ठिपका ज्या गतीने मंदावत होता त्यावरून मागे हिशेब केला, तेव्हा तो पेटल्याची वेळ याच स्फोटाशी जुळली, लहरीशी नाही.

युरोपातील शास्त्रज्ञांनी त्या उजेडाचा वर्णपटही काढला. चुलीच्या जाळात मीठ पडले की ज्वाला पिवळी होते, हे आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. पदार्थ तशी रंगाची खूण सोडतो. दुर्बिणीतला उजेड रंगारंगांत फोडून तीच खूण शोधायची. पहिल्या दर्शनानंतर 3 दिवसांपासून 230 दिवसांपर्यंत निरीक्षणे चालली. ठिपका फार मंद, खुणा पुसट. तरी त्या मोठ्या ताऱ्याच्या मृत्यूकडे बोट दाखवत होत्या. ठिपका निर्दोष सुटला!

त्याच वर्षी 17 ऑगस्टला खरी जोडी सापडली. दोन न्यूट्रॉन तारे आदळले, लहरही आली आणि उजेडही दिसला. त्या वेळी इटलीतील तिसऱ्या यंत्राच्या मदतीने पट्टा खूपच लहान झाला होता. त्या उजेडाच्या वर्णपटात पुढे 2019 साली स्ट्रॉन्शियम या धातूची खूण ओळखली गेली.

असेच एक यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभे करायचे ठरले आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. अमेरिकेपासून इतक्या दूर कान लावला की लहरीची दिशा अधिक नेमकी कळते, आणि झडतीत असे निरपराध ठिपके कमी सापडतात.