सांध्यांतील निरोप

आपल्या आदिलाबादेत बोटे आखडली की ‘वात’ म्हणून तेल चोळतात. मी भाषेचा माणूस. या एका शब्दाने दोन दुखणी झाकली, हे मला खटकते. वयपरत्वे सांधा झिजणे निराळे. आमवातात शरीराचे रक्षकच घरावर उलटतात. रक्षक पेशी परस्परांना सायटोकाइन नावाचे रासायनिक निरोप धाडतात. त्यांतला टीएनएफ थांबेनासा झाला की सांध्याचे अस्तर सुजते, कूर्चा व हाड कुरतडले जाते. लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनला हा निरोप अडवून रुग्णांची सूज उतरवली. ती औषधे महाग; मात्र मेथोट्रेक्सेटची स्वस्त गोळीही पुष्कळांचा दाह आवरते. सकाळचा ताठरपणा तासभर सुटत नसेल, तर वैद्यकीय तपासणी लवकर व्हावी. कुरतडलेले हाड सहसा भरून येत नाही.