घरच्या कामाच्या टेबलावरील एलईडी प्रकाशयोजना

धार आणि देवास ही माळव्यातील पवार घराण्यांची जुनी संस्थाने होत. मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली असून हस्तव्यवसायांचीही या भागात मोठी परंपरा आहे. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा घडविणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांची शिल्पशाळा धार येथेच होती. १९६१ साली त्यांना पद्मश्री हा किताब देण्यात आला. धार जिल्ह्यातील बाग या गावची ठशांची कापडछपाई देशभर प्रसिद्ध आहे. देवास हे कारखान्यांचे शहर असून नोटा छापणारा सरकारी छापखाना तेथे १९७४ पासून आहे.

मूर्तिकाम असो, छपाई असो वा घरी चालणारी यंत्रदुरुस्ती असो, या सर्व कामांचे भांडवल म्हणजे कारागिराची नजर. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतील माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे हात जितका तयार होत जातो, तितकी त्याला प्रकाशाची गरज अधिक भासते. तरीही बहुतेक घरांत छताच्या मध्यावरील एका दिव्यावर भागविले जाते. टेबल भिंतीशी असल्याने तो दिवा कारागिराच्या पाठीमागे येतो आणि त्याचीच सावली त्याच्या कामावर पडते. येथे दिव्याचे वॅट वाढवून विशेष लाभ होत नाही; दिव्याची जागा बदलणे अगत्याचे असते.

किती प्रकाश हवा?

पृष्ठभागावरील प्रकाश लक्स या एककात मोजतात. एक चौरस मीटरवर एक ल्यूमेन प्रकाश पडला की तो एक लक्स होय. बारीक कामास सुमारे १,००० लक्स असावेत. १२० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद टेबलाचे क्षेत्रफळ ०.७२ चौरस मीटर भरते. त्यावर ७२० ल्यूमेन पडावयास हवेत. निम्मा प्रकाश इतरत्र जातो असे धरल्यास दिव्यांनी सुमारे १,४४० ल्यूमेन द्यावेत. चांगली एलईडी पट्टी एका वॅटमागे ८० ते १०० ल्यूमेन देते. यावरून १५ ते १८ वॅट पुरेसे होतात.

बाजारात १२ व्होल्टची, मीटरला ९.६ वॅट घेणारी पट्टी मिळते. तिचे एकेक मीटरचे दोन तुकडे घेतल्यास एकूण १९.२ वॅट होतात. तिच्यासाठी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा वीजपुरवठा घ्यावा. त्याची क्षमता २४ वॅट असल्याने तो पूर्ण भाराने तापत राहत नाही. दररोज पाच तास दिवे लावल्यास महिन्याला सुमारे तीन युनिटच वीज लागते.

मांडणी व जोडणी

पहिली पट्टी टेबलाच्या पुढील कडेच्या वर, ६० ते ७५ सेंटिमीटर उंचीवर लावावी. तिला पुढून आडपट्टी द्यावी, म्हणजे दिवे डोळ्यांत खुपत नाहीत. दुसरी पट्टी डावीकडे, हलविता येईल अशा दांड्यावर असावी. डावखुऱ्या व्यक्तीने ती उजवीकडे घ्यावी. दोन दिशांनी प्रकाश आल्याने हाताची सावली पुसट होते. कोरीव कामात मात्र केवळ बाजूचा तिरपा दिवा लावून पाहावे. छिन्नीची राहिलेली खूण त्या प्रकाशात तत्काळ उठून दिसते.

एलईडी स्पर्शाला फार गरम लागत नाही, परंतु तिच्या आतील स्फटिक तापतो व उष्णता निघून न गेल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून पट्टी लाकडावर न चिकटविता ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवावी. पन्हळीवर दुधी झाकण लावल्यास प्रकाश सौम्य होतो. पट्टी खुणेच्या जागीच कापावी व धन-ऋण टोके तपासून जोडावीत. २३० व्होल्टचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. छपाईसारख्या ओल्या कामात वीजपुरवठ्याची पेटी पाण्यापासून दूर असावी आणि गळती होताच वीज तोडणारे स्विच बसवावे.

रंग आणि लुकलुक

बागच्या छपाईत तुरटीच्या योगे अलिझरीनचा तांबडा आणि लोहक्षाराच्या योगे काळा रंग उमटतो. हलक्या एलईडीत तांबड्याचा अंश कमी असल्याने हा तांबडा रंग मळकट दिसतो, व छटा जुळविताना चूक होऊन माल परत येतो. खरेदी करताना वेष्टनावरील रंगदर्शन निर्देशांक पाहावा. साध्या कामास ८० चालतो, रंगकामास ९० हून अधिक असावा. दिवसभराच्या कामास ४,००० केल्विनचा प्रकाश बरा.

काही स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही. मात्र अशा प्रकाशात फिरणारा लेथ वा सहाणयंत्र थांबल्याचा भास होऊन बोटे जायबंदी होण्याचा धोका असतो. दिव्याखाली पेन्सिल जलद हलवावी. तिच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या, तर तो दिवा यंत्राजवळ वापरू नये.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून दाखवावा. ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांनीही कारागिरांना अवजारांसाठी साहाय्य सुचविताना दिव्याचा विचार करावा, कारण दिवा हेही एक अवजारच आहे. नवा दिवा घेण्यापूर्वी प्रत्येकाने आज रात्री टेबलावर पेन्सिल उभी धरून तिची सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहावे. सावली आपल्यापासून दूर, भिंतीकडे पडत असेल तर दिवा पाठीमागे आहे. प्रथम त्याची जागा बदलावी.