तांबड्या रक्तपेशी फोडणारे यीस्ट

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचाही समावेश होता. तेथील विद्यार्थ्यांना सूक्ष्मजीवशास्त्रात ज्या जीवाची ओळख करून घ्यावी लागते, तो कँडिडा अल्बिकन्स हा पाव फुगविणाऱ्या यीस्टचा दूरचा भाऊबंद होय. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात तो निमूटपणे वास करतो. तान्ह्या मुलाच्या जिभेवर कधी दह्यासारखा पांढरा थर दिसतो, तो बहुधा याचाच. परंतु शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी, पोटाची शस्त्रक्रिया किंवा प्रतिजैविकांचा प्रदीर्घ वापर यांमुळे त्याला रक्तात वाट मिळाली, की रुग्णाच्या जिवावर बेतते.

रक्तात साखर व प्रथिने मुबलक असतात. सुटे लोह मात्र जवळजवळ नसते. ते शरीर बांधून ठेवते. शरीरातील सुमारे दोनतृतीयांश लोह तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये साठलेले असते आणि लोहाविना यीस्ट वाढत नाही. म्हणून ते कोठारच फोडते. त्याने सोडलेल्या द्रव्यांनी पेशीचे पातळ आवरण भंगते व हिमोग्लोबिन बाहेर सांडते. यीस्टच्या पृष्ठभागावरील प्रथिने त्यातील हीम हा लोहयुक्त भाग पकडून आत नेतात. तेथे एक विकर हीम तोडून लोह मोकळे करते.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येते. मेंढीचे रक्त व ३ टक्के ग्लुकोज मिसळलेल्या आगरवर यीस्ट ठेवून ३७ अंश सेल्सिअसला सुमारे ४८ तास उबविले, की वसाहतीभोवती रक्ताचा रंग उडालेले वलय उमटते. साखर वगळल्यास ही क्रिया मंदावते. यावरून मधुमेहाशी थेट संबंध जोडणे मात्र घाईचे ठरेल. बशीतील साखर निरोगी रक्तातील साखरेच्या सुमारे तीसपट असते. मधुमेहींना कँडिडाचा उपद्रव अधिक होतो हे खरे. त्यात क्षीण झालेल्या प्रतिकारशक्तीचाही वाटा असतो.

वसमतच्या हळदीचा लौकिक मोठा. हळदीतील कर्क्युमिन बशीतल्या कँडिडाची वाढ रोखते. पण खाल्लेल्या हळदीतून ते रक्तात फारच थोडे उतरते. रक्तातील संसर्गाला बुरशीरोधक औषधच लागते. जिवाणूंवरील प्रतिजैविके येथे निरुपयोगी. निदानासाठी रक्ताचे संवर्धन करतात. त्यातही सुमारे निम्मे खोलवरचे संसर्ग निसटतात, म्हणून अत्यवस्थ रुग्णात संशय बळावल्यास डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.