जिवंत जनावरांचे प्रतिमाधारित मूल्यमापन : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

मांसोत्पादनासाठी गोवंश पाळणाऱ्या देशांत जिवंत जनावराचे वजन व अंगलट ठरविण्यासाठी कॅमेरा आणि मशीन लर्निंग म्हणजेच यंत्र-अध्ययन यांचा वापर होऊ लागला आहे. महाराष्ट्रात प्राणी रक्षण अधिनियमातील सुधारणेनुसार २०१५ पासून गाईंप्रमाणेच बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. त्यामुळे या तंत्राचा मूळ हेतू येथे लागू पडत नाही. तथापि, जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत जिवंत जनावराची विश्वसनीय नोंद असण्याची गरज वेगळ्या कारणाने तीव्र आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

प्रचलित पद्धती :

बैलबाजारात जनावराचे वय दातांवरून ओळखतात. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला अशी त्याची वर्गवारी असते. वजनाचा अंदाज मात्र नजरेनेच केला जातो. फीत उपलब्ध असल्यास छातीच्या घेराचा वर्ग करून त्यास शरीराच्या लांबीने गुणतात व ६६० ने भागतात. मापे इंचांत घेतल्यास उत्तर किलोग्रॅममध्ये मिळते. घेर ६६ इंच व लांबी ५४ इंच असल्यास वजन सुमारे ३५६ किलो येते. घेर दोन इंचांनी कमी मोजला गेला, तर तेच वजन ३३५ किलो भरते. घेराचा वर्ग होत असल्याने लहान चूकही मोठी होते.

प्रतिमा पद्धतीचे स्वरूप :

साध्या छायाचित्रात अंतराची खोली कळत नाही. म्हणून खोली मोजणारा कॅमेरा वापरून जनावराच्या पाठीचा व कुशीचा त्रिमितीय आकार टिपला जातो. संगणक पार्श्वभूमीपासून जनावर वेगळे करून उंची, रुंदी व लांबी काढतो. प्रत्यक्ष काट्यावर तोललेल्या अनेक जनावरांच्या प्रतिमा आणि वजने यांवरून तो त्यांतील संबंध शिकतो. पूर्वी न पाहिलेल्या जनावरांवर त्याचे अनुमान किती चुकते, यावरून पद्धतीची विश्वसनीयता ठरते.

स्थानिक उपयोग :

जुन्नर वनविभागात ऊसशेतीच्या आश्रयाने बिबट्यांचा वावर वाढला असून पाळीव जनावरांवर हल्ले होतात. अशा प्रसंगी शासकीय नुकसानभरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा विहित कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. म्हणजेच भरपाई बाजारभावावर अवलंबून असते. परंतु तो ठरविताना समोर बहुधा अर्धवट खाल्लेला मृतदेहच असतो. जनावर जिवंत असताना ठरावीक काळाने घेतलेली प्रतिमा, अनुमानित वजन व दिनांक ही माहिती कानातील बिल्ल्याच्या बारा अंकी क्रमांकाशी जोडून ठेवली, तर पशुपालकाच्या हाती पुरावा राहील. पशुविमा, औषधाची मात्रा व खुराकाचे प्रमाण ठरवितानाही हीच नोंद उपयोगी पडेल.

मर्यादा :

परदेशी मांसल जातींवर शिकविलेला संगणक खिलारच्या वशिंडामुळे व सडपातळ बांध्यामुळे चुकण्याचा संभव आहे. संकरित गाईंचा बांधा त्याहून निराळा असतो. शिवाय वजन म्हणजे किंमत नव्हे. गाईची किंमत दूध व वेत यांवर ठरते. शर्यतीच्या बैलाची वेगावर. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरविला. वेगवान बैलाचे मोल कॅमेऱ्यास वजनावरून कळणार नाही. म्हणून प्रतिमेसोबत दात, वेत व दूध यांची नोंद माणसानेच करणे आवश्यक आहे.

समारोप :

स्थानिक जनावरे प्रथम काट्यावर तोलून त्यांच्या प्रतिमांचा संग्रह केल्याखेरीज हे तंत्र येथे आणणे म्हणजे एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज ठेवणे होय. तसा संग्रह सिद्ध झाला आणि नोंदीची प्रत पशुपालकाकडेही राहिली, तरच पंचनाम्याच्या वेळी त्याची बाजू केवळ शब्दांवर अवलंबून राहणार नाही.