स्मृतिस्थळांचे जतन : पवनीच्या स्तूपांच्या संदर्भात

प्रस्तावना :
दिवंगतांच्या स्मृतीसाठी वास्तू उभारण्याची प्रथा अनेक धर्मांत आढळते. चर्चच्या आवारातील कबर, मकबरा, समाधी व स्तूप ही तिचीच रूपे होत. अशा वास्तूंची दुरुस्ती कोणत्या तत्त्वांवर व्हावी, याचा विचार प्रस्तुत लेखात पवनीच्या संदर्भात केला आहे.

पवनीचे महत्त्व :
भंडारा जिल्ह्यातील वैनगंगेकाठच्या या प्राचीन नगरात 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखालील या कार्यात जगन्नाथ टेकडी येथे विटांचा स्तूप उघडकीस आला. त्याच्या दगडी कठड्यावर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला छायास्तंभही पवनीचाच होय.

दुरुस्तीतील धोके :
जुन्या विटा व चुन्याचा दर्जा सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली ओल त्यांतून बाष्परूपाने बाहेर पडते. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा दिल्यास ही वाट बंद होते. ओल विटेकडे वळते, तिच्यातील क्षार विटेच्या पृष्ठाआड साठतात व विटेचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजेच भक्कम वाटणारी दुरुस्तीच मूळ वास्तूचा नाश करते. पिंपळाचे रोप केवळ वरून छाटल्यास मुळे जिवंत राहून सांधे फोडत राहतात. झिजलेली अक्षरे नव्याने कोरल्यास मूळ पाठ कायमचा नष्ट होतो.

जतनाची तत्त्वे :
जॉन मार्शल यांच्या 1923 च्या संधारणविषयक मार्गदर्शिकेत व 1964 च्या व्हेनिस सनदेत मूळ अवशेषांना प्राधान्य असून अनुमानाने केलेली पुनर्निर्मिती अमान्य आहे. त्यानुसार प्रथम छायाचित्रे, मोजमापे व लेखांचे ठसे घ्यावेत. नंतर पाण्याचा निचरा करावा. अखेरीस चुन्याच्या मिश्रणाने आवश्यक तेवढीच डागडुजी करावी. नवा भाग निरखून पाहता ओळखू यावा. संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीविना काम करता येत नाही.

निष्कर्ष :
श्रद्धेपोटी केलेला जीर्णोद्धार स्मारकाला नवे रूप देतो. परंतु त्याचा पुरावा हिरावून घेतो. पवनीच्या दात्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. ती कोरलेला दगड हीच त्यांची मूळ साक्ष आहे. म्हणून परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने अशा स्मृतिस्थळांच्या नोंदी करणे, ही जतनाची पहिली पायरी ठरेल.