85 टक्के आणि दुपारनंतरचे तास

पुणे-सोलापूर महामार्गावर, दौंड तालुक्यात कुरकुंभ लागतं. एकीकडे फिरंगाईदेवीचं देऊळ, दुसरीकडे एमआयडीसीतले रासायनिक कारखाने. वारा गावाकडे फिरला की उग्र दर्प येतो. अंगणवाडीच्या दारात मात्र शिजणाऱ्या खिचडीचा, हळद-जिऱ्याचा वास त्याला मागे सारतो. इथे यायला निमित्त झालं एका आकड्याचं. मेंदूची 85 टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते, असं 2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. भाषणांमध्ये हा आकडा सारखा कानावर पडतो. हे 85 टक्के ज्या खोलीवर सोपवलेत, ती चालते कशी?

प्रार्थना, नखांची तपासणी, हजेरी हे सगळं झटपट उरकतं. मग सेविकाताई सतरंजीवर चिंचोके आणि बाटल्यांची झाकणं ओततात. रंगाप्रमाणे ढीग करायचे आहेत. चारेक वर्षांचा एक मुलगा रंगाकडे बघतच नाही, मोठी झाकणं एकीकडे आणि छोटी दुसरीकडे मांडतो. घरी तो भोजपुरी बोलतो, इथे मराठी-हिंदीची सरमिसळ. ताई त्याला चूक म्हणत नाहीत. असं का केलंस, एवढंच विचारतात. हे सगळे पप्पा आणि ही सगळी बाळं, तो सांगतो. ताई लगेच विचारतात, मग प्रत्येक पप्पाला एकेक बाळ पुरेल का? मुलगा जोड्या लावायला बसतो. एकास एक ही संगती म्हणजे गणिताचा पाया, आणि तो घातला गेला फेकून द्यायच्या झाकणांवर.

चांगलं बालशिक्षण ते हेच. त्याला रंगीत भिंती लागत नाहीत. लागतो मुलाच्या उत्तरासाठी थांबणारा माणूस. पण थांबायला ताईंना वेळ कुठे आहे? जोड्या अजून लागायच्या असतात आणि फोन वाजतो. पोषण ट्रॅकरवर हजेरी, आहार, वजन, उंची भरायची आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली तेव्हापासून पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना आरोग्यशिक्षण आणि मुलांचं शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा या एकाच खोलीशी जोडलेल्या आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 500 उष्मांकांचा आहार मिळायला हवा, आणि त्याची नोंद होते. झाकणांच्या जोड्या लागल्या का, याची विचारपूस वरून क्वचितच होते. प्रशिक्षणात ऐकलेला 85 टक्क्यांचा आकडा ताईंना पाठ आहे. तो सांगताना त्यांचा आवाज किंचित चढतो.

पालकांची ओढ वेगळीच असते. पोरगं एबीसीडी लिहीत नाही म्हणून कुणी त्याला इंग्रजी नर्सरीच्या गाडीत बसवतं. चार वर्षांच्या बोटांना चिंचोके उचलू द्यावेत, माती मळू द्यावी, कागद फाडू द्यावेत. पेन्सिल पुढे आपसूक धरली जाते. हे आईबापांना समजावण्याचं कामही ताईंकडेच.

आणि दारात एक मुलगी बसलेली असते. वय आठेक वर्षं, म्हणजे खरं तर शाळेत असायला हवी. कडेवर जेमतेम वर्षाचा भाऊ. आई ठेकेदाराकडून एमआयडीसीत कामाला जाते, ती संध्याकाळी परतणार. भावाच्या वाट्याचा कोरडा आहार अंगणवाडीतून घरी जातो, पण त्याला सांभाळण्याची सोय इथे नाही. मोठी मुलंसुद्धा दुपारी घरी जातात. पुढचे तास कुलूप लावलेली खोली, नाहीतर अशीच एखादी थोरली बहीण. कुरकुंभमध्ये अंगणवाडी घरापासून लांब नाही. आईच्या पाळीच्या वेळेपासून ती लांब आहे.

हे कोडं नवं नाही. ते सोडवणाऱ्या दोघींपैकी एक, अनुताई वाघ, इथून जवळच बारामती तालुक्यातल्या मोरगावात 1910 साली जन्मल्या. 1945 मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक यांच्यासोबत त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम हाती घेतलं, आणि पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे त्यांना दिसलं की आदिवासी मुली धाकट्या भावंडांपायी शाळेला मुकतात. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आली. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. अंगणवाडीची कल्पना आपण ताराबाईंकडून घेतली, पण तिच्या शेजारचा पाळणा घ्यायचं राहून गेलं.

कायद्याला पाळणा ठाऊक होता. 1948च्या कारखाने अधिनियमात 30हून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघराची अट होती. संख्या त्याच्या आत राहिली की अट लागू होत नसे आणि लेकरू कुलूपबंद खोलीतच राही. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत आता अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे: सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस, आणि त्यासाठी वेगळी सेविका, वेगळी मदतनीस. शेजारच्या कर्नाटकाने 2023 मध्ये ग्रामपंचायतींच्या आधाराने ‘कूसिना मने’ ही पाळणाघरं सुरू केली.

वेगळी माणसं ही त्यातली कळीची बाब. आहे त्याच ताईंवर आणखी साडेसात तास लादणं हा अन्याय होईल. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी त्यांच्या हाती पडतं ते मानधनच. वाढीव मानधन आणि इतर मागण्यांसाठी डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या सेविकांना संपावर जावं लागलं. 85 टक्के घडवणाऱ्या हातांना वेतनश्रेणी नाही, हे राज्याला शोभत नाही.

कुरकुंभच्या ग्रामसभेने, आणि कारखान्यांच्या आसऱ्याने वाढलेल्या अशा प्रत्येक गावाने, अंगणवाडीला जोडून पाळणाघराचा ठराव करावा आणि तो तालुक्याच्या बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे पाठवावा. ठरावात वेळ स्पष्ट लिहावी: आईची पाळी सुटेपर्यंत.