अपघातांची अचूक नोंद : सुरक्षित चौकांचा पाया

समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ १ जुलै २०२३ रोजी झालेल्या बस अपघातात २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनेची दखल सारा देश घेतो. परंतु शहरालगतच्या चौकात, किंवा गावरस्ता महामार्गास मिळतो त्या फाट्यावर, एकेक करून होणारे अपघात लवकरच विस्मृतीत जातात. ते टाळावयाचे असतील, तर प्रत्येक अपघाताची अचूक नोंद होणे अगत्याचे आहे.

अपघातप्रवण स्थळ

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या निकषानुसार, राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात घडल्यास, अथवा दहा मृत्यू झाल्यास, ते 'अपघातप्रवण स्थळ' ठरते. मात्र एकाच फाट्यावरील एक अपघात 'पेट्रोल पंपासमोर', दुसरा 'पुलाजवळ' आणि तिसरा केवळ 'गावाच्या हद्दीत' असा नोंदला गेला, तर ही बेरीज जुळत नाही आणि धोका कागदावर दिसतच नाही.

ही उणीव दूर करण्यासाठी एकात्मिक रस्ते अपघात माहिती प्रणाली विकसित करण्यात आली. तिचा आरंभ झालेल्या पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. पोलीस कर्मचारी घटनास्थळाचे नेमके स्थान व छायाचित्रे मोबाईलद्वारे नोंदवितात. तीच माहिती परिवहन, रस्ते व आरोग्य यंत्रणांना उपलब्ध होते.

फाट्यावरील धोका

ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद गेले, तर तेवढ्यात ५५ मीटर रस्ता मागे पडतो. खामगाव, नांदुरा, मलकापूर या मार्गे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर चढणाऱ्या दुचाकीस्वारास किंवा बैलगाडीस हे अंतर मोकळे दिसले पाहिजे. वळणावरील झुडपे, जाहिरात फलक व टपऱ्या नेमकी तीच दृष्टी अडवितात.

गावाचा सहभाग

अपघात आपसांत मिटविल्यास त्याची नोंद राहत नाही. तो पोलिसांस कळवावा व किलोमीटर दगडाचा क्रमांक सांगावा. जखमीस सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ अन्वये संरक्षण आहे. त्यामुळे भीतीचे कारण नाही. ग्रामपंचायतीने धोकादायक फाट्याबाबत ठराव करून तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांचा रस्ता ओलांडण्याचा मार्ग स्वतः पाहून ग्रामपंचायतीस माहिती द्यावी. नोंद अचूक असेल, तरच पुढील अपघातापूर्वी त्या स्थळी सुधारणा करता येईल.